समुद्रातील तेलविहिरींवरची रसायने : तेल मोजले जाते, बाकीच्याचे काय?

खाडीकाठ (धागालेखिका)

नमस्कार. मी पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शेवटच्या सत्राला आहे आणि प्रबंधासाठी मुंबई हाय व आसपासच्या तेलक्षेत्रांतून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा विषय घेतला आहे. त्यामागे पुस्तकी कारण कमी आणि घरचे अधिक आहे. आमचे घर करंज्याला आहे आणि बाबांची बोट तिथूनच निघते. प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती मासळी जमते हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ५०० मीटरच्या सुरक्षा पट्ट्याच्या आत शिरायचे नाही हेही ठाऊक आहे. मागच्या महिन्यात बाबांनी विचारले, "त्या पाण्यात तेलाशिवाय आणखी काय काय सोडतात गं?" आणि या विषयाच्या मागे वर्षभर असूनही मला धड उत्तर देता आले नाही.

मला जे सापडले ते असे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या पहिल्या अनुसूचीत तेल व वायू उत्खननासाठी स्वतंत्र नोंद आहे. समुद्रातील प्लॅटफॉर्मवरून सोडायच्या पाण्यात तेलाचे प्रमाण, ते पाणी पातळ न करता, ९५ टक्के निरीक्षणांत लिटरला ४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि ते कधीही १०० च्या वर जाऊ नये. त्यासाठी आठ-आठ तासांनी दिवसाला तीन नमुने घेऊन त्यांची सरासरी धरावी, असे तीत म्हटले आहे. गंमत म्हणजे त्याच नोंदीत किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी तेलाची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे आणि त्याखेरीज क्रोमियम, तांबे, शिसे, पारा, निकेल, जस्त अशी यादी देऊन सोडण्याच्या जागेपासून ५० मीटरच्या आत त्यांचे प्रमाण कितीपर्यंत उतरले पाहिजे हेही सांगितले आहे. प्लॅटफॉर्मच्या बाबतीत मात्र तेलाचा आकडा दिला की नोंद संपते. पाइप गंजू नये म्हणून, क्षार साचू नयेत म्हणून, जीवाणू वाढू नयेत म्हणून आणि तेल-पाणी चटकन वेगळे व्हावे म्हणून जी रसायने घातली जातात, त्यांचा तिथे उल्लेखच नाही.

उत्तर समुद्रात प्रत्येक रसायनाला रंगाचा दर्जा दिलेला असतो असे वाचले. तो दर्जा नेमका कोण देतो आणि कशावरून देतो? आपल्याकडे अशी यादी आहे का, की आपला नियम फक्त विहीर खोदण्यापुरताच आहे? या क्षेत्रात काम केलेल्या कुणी लिहिले तर फार उपकार होतील.

---

चिखलवाला

खाडीकाठ ताई, धागा चांगला काढलात. माझी बरीचशी हयात रिगवर मड इंजिनिअर म्हणून गेली, त्यामुळे हे टोपणनाव. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामे एकत्र आली आहेत. ती आधी सुटी करून घेऊ, कारण नियमांनीही ती वेगळीच ठेवली आहेत.

विहीर खोदताना ड्रिल पाइपमधून खाली सोडले जाते आणि दगडाचा चुरा घेऊन वर येते ते मड. त्याचे काम काही आठवड्यांचे, फार तर काही महिन्यांचे असते. विहीर चालू झाली की मग पुढची वीस-तीस वर्षे तेलासोबत जमिनीखालचे पाणी वर येत राहते, आणि क्षेत्र जुने होत जाते तसतसे तेल कमी व पाणी जास्त अशी स्थिती होते. त्याला आम्ही सरळ प्रोड्यूस्ड वॉटर म्हणतो. मुंबई हायचा शोध १९७४ मधला आणि तिथले उत्पादन १९७६ पासूनचे, म्हणजे क्षेत्र पिकलेले आहे. तुमच्या बाबांनी जे विचारले ते मुख्यतः या दुसऱ्या पाण्याविषयी आहे.

पहिल्या भागात आपला नियम लोकांना वाटतो तितका ढिला नाही. ३० ऑगस्ट २००५ च्या अधिसूचनेने खोदकामाच्या चुऱ्यासाठी आणि मडसाठी बऱ्याच तपशिलात अटी घातल्या. डिझेलवर आधारित मड वापरायचे नाही. शक्यतो पाण्यावर आधारित मडच वापरायचे, आणि विहिरीच्या अडचणीमुळे तेलाचे किंवा कृत्रिम द्रवाचे मड वापरावे लागणार असेल तर तसे कळवायचे. मड जड करण्यासाठी जे बराइट घालतात, त्यात पारा किलोला १ मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. आंध्रातील मंगमपेटचे बराइट जगभरच्या रिगवर जाते, त्यामुळे ही अट आपल्या खाणीशी आणि आपल्या निर्यातीशीही निगडित आहे. धुतलेला चुरा आणि निरुपयोगी झालेले मड समुद्रात सोडायचे तर एकदम ओतायचे नाही, विहिरीमागे ताशी सरासरी ५० बॅरल, म्हणजे साधारण ८ घनमीटर या बेताने, थांबून थांबून सोडायचे. संवेदनशील क्षेत्र असेल तर काहीच सोडायचे नाही, सगळे किनाऱ्यावर आणायचे.

तेल असलेल्या थरातून आलेल्या चुऱ्यात तेल किलोला १० ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशीही एक अट आहे. हे मोजतात कसे ते सांगतो, म्हणजे आकड्याची किंमत कळेल. मडमधून चुरा गाळून काढणाऱ्या हलत्या चाळणीच्या, म्हणजे शेल शेकरच्या, जाळीवरून चुरा घसरत असतो, त्यातला थोडा घ्यायचा, रिटॉर्टच्या, म्हणजे चुरा तापवून त्यातले पाणी व तेल वेगळे काढणाऱ्या उपकरणाच्या, ५० मिलिलिटरच्या पोलादी पेल्यात दाबून भरायचा, वर पोलादी लोकर बसवायची आणि तापवत ठेवायचे. पाऊण-एक तासाने खालच्या काचेच्या मापनळीत पाणी उतरलेले असते आणि त्यावर तेलाचा पातळ थर असतो. त्या पेल्यात शंभर ग्रॅमच्या आसपास चुरा मावतो. किलोला १० ग्रॅम या हिशेबाने त्यातले तेल जेमतेम एक ग्रॅम, नळीत सव्वा मिलिलिटरच्या आगेमागे. पहाटे चार वाजता, रिग हादरत असताना, डोळा नळीच्या पातळीला आणून ती रेघ वाचावी लागते, आणि रेघ जरा वर वाचली की जरा खाली यापेक्षा फारसा फरक नियमात बसणे आणि न बसणे यांत नसतो.

आता रसायनांच्या विषारीपणाकडे येतो. ९६ तासांत निम्मे जीव मरण्यासाठी लागणारे प्रमाण लिटरला ३०,००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असावे, असे २००५ चा नियम म्हणतो. पुष्कळ जण हा आकडा उलटा वाचतात. आकडा जितका मोठा तितके रसायन सौम्य, कारण मारायला ते जास्त लागते. ही मर्यादा मुळात अमेरिकेतली. तिथे मायसिड नावाच्या कोळंबीसारख्या बारीक जिवावर चाचणी घेतात, आणि ती घेतात ती तयार मडवर. एक भाग मड नऊ भाग समुद्राच्या पाण्यात ढवळून, जड गाळ खाली बसला की वरचा गढूळ भाग चाचणीला घेतला जातो. आपण तो आकडा मडमध्ये घालायच्या रसायनांनाही लावला, आणि मायसिडऐवजी स्थानिक संवेदनशील समुद्री जीव चालेल अशी मुभा दिली. मुभा रास्त आहे, पण तो जीव कोणता हे नियमाने सांगितलेले नाही.

चाचणीचा जीव बदलला की निकाल कसा बदलतो याचे एक उदाहरण देतो. शेलचा, म्हणजे चिकणमातीच्या खडकाचा, थर फुगू नये म्हणून मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतात. मायसिडला पोटॅशियम सोसत नाही, त्यामुळे मेक्सिकोच्या आखातात असले मड त्या चाचणीत अडखळते. उत्तर समुद्रात मात्र हेच मीठ जवळजवळ निर्धोक पदार्थांच्या यादीत आहे. रसायन तेच असून एका दाराशी अडते आणि दुसऱ्या दारातून सहज आत जाते.

प्रोड्यूस्ड वॉटरमधल्या रसायनांना मात्र २००५ ची ही चाळणी लागत नाही, आणि लावून उपयोगही नाही. जीवाणुनाशकाचे कामच मारण्याचे असल्याने ते निव्वळ स्वरूपात ३०,००० च्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. तिथे प्रश्न असतो तो किती घातले, त्यातले किती तेलाबरोबर किनाऱ्यावर गेले आणि किती पाण्याबरोबर समुद्रात उतरले, हा.

जाता जाता एक गाऱ्हाणे. एकदा एका पुरवठादाराचे पिंप आमच्याकडे आले, त्यावर हिरवे पान छापलेले होते आणि खाली "पर्यावरणस्नेही" असे लिहिलेले होते. आत काय आहे असे विचारले, तर व्यापारी गुपित म्हणून घटक सांगायला नकार मिळाला. मी सही करायची नाही म्हणून दोन दिवस अडून बसलो. तिसऱ्या दिवशी सही दुसऱ्याने केली.

---

ग्रॅनाइटनगरी

चिखलवाला काकांनी पायाच घालून दिला आहे. मी गेली अकरा वर्षे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये याच अनुपालनाच्या कामात आहे, त्यामुळे रंगांचा भाग मी घेते.

आधी थोडा इतिहास. ब्रिटनमध्ये रसायनांच्या अधिसूचनेची योजना १९७९ पासून होती, पण ती ऐच्छिक होती. १९९२ मध्ये पॅरिसला झालेल्या ऑस्पार कराराने ईशान्य अटलांटिकच्या देशांना एका चौकटीत बांधले, २००० मध्ये त्या चौकटीत रसायनांसाठी समान आणि बंधनकारक नियंत्रणपद्धती ठरली, आणि ती अमलात आणण्यासाठी ब्रिटनने २००२ चे समुद्री रसायन विनियम आणले. तेव्हापासून परवान्यात न लिहिलेले रसायन वापरणे किंवा सोडणे हा गुन्हा आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर चुकून झालेली गळतीही त्याच कक्षेत आली.

प्रक्रिया अशी चालते. पुरवठादार एका ठरावीक नमुन्यात आपल्या उत्पादनातील प्रत्येक घटकाची माहिती देतो. समुद्राच्या पाण्यात २८ दिवसांत तो किती विघटित होतो, जिवाच्या चरबीत साठण्याची त्याची प्रवृत्ती किती, आणि शेवाळ, कोपेपॉड हा पाण्यात तरंगणारा बारीक जीव, गाळात राहणारा एक कवचधारी जीव व माशाची पिल्ले यांच्यावर त्याचा परिणाम काय, हे तीन मुद्दे त्यात येतात. ही माहिती लोस्टॉफ्ट येथील सेफास या सरकारी संस्थेकडे जाते. काकांच्या त्या पिंपाची अडचण इथे अर्धी सुटलेली आहे, कारण घटकांचे गुपित आम्हा वापरणाऱ्यांना कळत नसले तरी नियामकाला ते पूर्ण कळते. गुपित सांगायचे नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर ते उत्पादन जहाजावर चढतच नाही.

पहिली चाळणी कडक आहे. एखादा घटक २८ दिवसांत २० टक्क्यांहूनही कमी विघटित होत असेल, किंवा मंद विघटन, शरीरात साठणे व १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आतच मारक ठरणे या तीनपैकी दोन दोष त्यात असतील, तर त्याच्यावर "पर्याय शोधा" असा शिक्का बसतो. रंग येतो तो त्यानंतर, आणि तोही उत्पादनाला. समुद्रात होणारी अपेक्षित संहती (पाण्यातले प्रमाण) भागिले निर्धोक संहती, असे एक गुणोत्तर काढतात. ते १ पेक्षा कमी आले तर सोनेरी, ३० पर्यंत रुपेरी, १०० पर्यंत पांढरा, ३०० पर्यंत निळा, १,००० पर्यंत नारिंगी आणि त्यापुढे जांभळा. ज्यांना हे गणित लागू होत नाही अशा रसायनांना 'ए' ते 'ई' असे गट असतात आणि त्यांत 'ई' सर्वांत सौम्य. नॉर्वेची पद्धत याहून वेगळी असून तिथे हिरवा, पिवळा, लाल आणि काळा असे चारच वर्ग आहेत.

मात्र या रंगांना कुणी भुलू नये. ते गुणोत्तर एका कल्पित, ठरावीक आकाराच्या प्लॅटफॉर्मवर बेतलेले असते. त्याचा उपयोग दोन उत्पादनांची तुलना करण्यापुरता आहे, तुमच्या जागी धोका किती हे सांगण्यापुरता नाही. सोनेरी रंगाचे रसायन भरमसाट वापरले तर त्याचा एकूण भार निळ्या रंगाच्या थोड्याशा रसायनाहून अधिक पडू शकतो, म्हणून परवान्यासाठी त्या त्या जागेचे गणित नव्याने करावे लागते. शिवाय गंजरोधकांसारखी रसायने धातूला चिकटून थर धरण्यासाठीच बनवलेली असतात. ती पाणी आणि तेल यांच्या सीमेवर रेंगाळतात, आणि मग ती तेलात किती विरघळतात हे मोजायची नेहमीची चाचणीच तिथे लंगडी पडते. अशा एका गंजरोधकाच्या अर्जावर मी जितके तास घालवले, तितक्यात बराइटचे दहा अर्ज झाले असते.

आणि आणखी एक कबुली. "पर्याय शोधा" शिक्क्याची रसायने समुद्रात सोडणे १ जानेवारी २०१७ पर्यंत थांबवायचे, असे उद्दिष्ट ऑस्पारने २००६ मध्ये ठेवले होते. त्याला तांत्रिक किंवा सुरक्षिततेच्या कारणास्तव अपवादाची सोय होती, आणि त्या सोयीच्या दाराने अशी रसायने अजून ये-जा करत आहेत. त्यामुळे इकडची व्यवस्था आदर्श आहे असे समजून प्रबंधात तिची आरती करू नका.

तेलाच्या आकड्यातही फार अंतर नाही. इथली मर्यादा मासिक सरासरीवर ३० मिलिग्रॅम आहे, तुमच्याकडची ४०. खरा फरक हा, की इथे नळाच्या तोंडाशी काय निघते हे पाहण्याआधीच भांडारात काय येते हे पाहिले जाते.

---

दर्यावर्दी

वरची चर्चा उत्तम आहे, पण एक बाजू सुटते आहे. मी प्लॅटफॉर्मवरच्या प्रक्रिया विभागात आहे. गंजरोधक बंद केला तर त्याचा पहिला बळी मासा नसून पाइप असेल, आणि समुद्रतळावरची पाइपलाइन फुटली तर जे बाहेर येईल ते वर्षभराच्या रसायनांहून भयंकर असेल. जीवाणुनाशक नसेल तर समुद्राचे पाणी खडकात दाबताना जीवाणू आत जातात, हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि तो वायू माणसांचा जीव घेतो. रसायन हे हौसेने कुणी घालत नाही. ते महाग असते आणि त्याच्या प्रत्येक लिटरचा हिशेब भांडारपाल मागतो. शिवाय १६० किलोमीटरवर, मोकळ्या समुद्रात, भरती-ओहोटीच्या प्रवाहात हे पाणी किती पातळ होते याचाही विचार व्हावा.

---

परिशिष्ट

दर्यावर्दी यांचा पहिला मुद्दा निर्विवाद आहे. दुसऱ्याबद्दल मात्र थोडे थांबावे लागेल, कारण "पातळ न करता" हे शब्द नियमातच आहेत आणि ते सहज घातलेले नाहीत.

मी पर्यावरणविषयक वकिली करतो, म्हणून हा प्रश्न कायद्याच्या नकाशावर मांडतो. आपला प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा. मुंबई हाय त्याच्या कितीतरी पलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात समुद्राचे पाणी राज्य सरकार अधिसूचित करील त्या मर्यादेपर्यंतच येते, त्यामुळे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हात तिथे आखूड पडतो. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने त्या भागातील सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचा अधिकार केंद्राकडे दिला आहे. म्हणून व्यवहारात खरे काम चालते ते केंद्राच्या पर्यावरण मंजुरीतील अटींवर. २००६ च्या अधिसूचनेनुसार समुद्रातील तेल-वायू प्रकल्प 'अ' प्रवर्गात होते. जानेवारी २०२० मध्ये त्यांतला शोधाचा टप्पा 'ब-२' मध्ये नेण्यात आला, म्हणजे त्या टप्प्याची छाननी हलकी झाली. विकास व उत्पादनाचा टप्पा 'अ' मध्येच राहिला.

आंतरराष्ट्रीय करार इथे कामाला येतील असे अनेकांना वाटते, तर तोही भ्रम आहे. जहाजांच्या प्रदूषणाचा मार्पोल करार "सोडणे" या शब्दाच्या व्याख्येतच समुद्रतळातील खनिजांचा शोध, उत्खनन आणि त्याला जोडलेली प्रक्रिया यांतून थेट बाहेर पडणारे पदार्थ वगळतो. परिणामी एकाच प्लॅटफॉर्मच्या इंजिनघराच्या सांडपाण्याला १५ भाग प्रतिदशलक्ष ही मार्पोलची मर्यादा आणि शेजारच्या नळातून पडणाऱ्या प्रोड्यूस्ड वॉटरला ४० मिलिग्रॅम ही देशी मर्यादा, अशी स्थिती आहे. ईशान्य अटलांटिकने ही पोकळी ऑस्पारने भरली. आपल्या बाजूच्या समुद्रासाठी १९९५ ची दक्षिण आशियाई सागरी कृती योजना आहे, पण ती योजना आहे, बंधनकारक करार नव्हे.

म्हणून धागालेखिकेच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : खोदकामाच्या रसायनांसाठी आपल्याकडे मानके आहेत, उत्पादनाच्या टप्प्यावरील रसायनांसाठी नियमांत उत्पादननिहाय राष्ट्रीय यादी नाही, तिथे मंजुरीच्या अटी आणि चालकाची स्वतःची निवड यांवर भिस्त आहे. मला यात आकड्याची उणीव तेवढी जाणवत नाही, जेवढी सिद्धतेच्या भाराची जाणवते. तिकडे रसायन निर्धोक असल्याचे पुरवठादाराने आधी दाखवायचे. इकडे ते घातक असल्याचे कुणीतरी नंतर दाखवायचे, आणि तेही १६० किलोमीटर आत, जिथे नमुना घ्यायला चालकाचेच हेलिकॉप्टर लागते.

---

खाडीकाठ (धागालेखिका)

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा रिटॉर्टचा परिच्छेद मी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे काटा मारायला तिथेही जागा आहे." त्यांनी हे मासळीबाजाराच्या अनुभवावरून म्हटले, राग मानू नये.

दर्यावर्दी, पातळ होण्याचा मुद्दा मी मनावर घेऊन एक हिशेब करून पाहिला. आकडे कल्पित आहेत, केवळ प्रमाण कळावे म्हणून. एका केंद्रातून दिवसाला १०,००० घनमीटर पाणी सुटते असे धरले आणि त्यात तेल अगदी मर्यादेवर, ४० मिलिग्रॅम असले, तर दिवसाला ४०० किलो तेल जाते. त्याच पाण्यात पाण्यात विरघळणारे एखादे रसायन लिटरला १० मिलिग्रॅम उरले असेल, तर दिवसाला १०० किलो, वर्षाला साडेछत्तीस टन. तेलाच्या चाचणीत ते मुळात येणारच नाही, कारण त्या चाचणीत पाणी आम्लयुक्त करून द्रावकात हलवतात आणि द्रावकात जे उतरते तेवढेच मोजतात. अहवालात त्या दिवसापुढे "मर्यादेत" असेच लिहिले जाईल, आणि ते खोटेही नसेल. मला बाबांना नेमके हेच सांगता येत नव्हते.

आता दोन शंका. एक, तिकडची रंगांची यादी आपण जशीच्या तशी का उचलू नये, निदान सुरुवात म्हणून? दुसरी शंका परिशिष्ट यांना : प्रबंधासाठी प्रत्यक्ष वापराचे आकडे मला कुठून मिळू शकतील?

---

ग्रॅनाइटनगरी

यादी उचलता येईल, निकाल उचलता येणार नाहीत. ज्या जिवांवर या चाचण्या होतात त्यांतला मासा टर्बोट आहे, म्हणजे थंड समुद्राचा. अरबी समुद्राचे पाणी वर्षातला बराच काळ २८ अंशांच्या आसपास असते, त्यात विघटन वेगाने होईल ही जमेची बाजू. पण खोलवर प्राणवायू कमी असलेला मोठा पट्टा त्याच समुद्रात आहे आणि पावसाळ्यानंतर किनाऱ्याकडच्या उथळ भागातही प्राणवायू उतरतो. ज्या पाण्यात जीव आधीच धापा टाकत आहेत तिथे विघटनासाठी लागणारा प्राणवायू हाही एक भार आहे, आणि आमच्या गणितात तो धरलेला नाही. म्हणून नोंदणीचा नमुना, घटक उघड करण्याची सक्ती आणि "पर्याय शोधा" हा शिक्का एवढे घ्यावे. चाचणीचे जीव इथले घ्यावेत. काकांनी सांगितलेले पोटॅशियमचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

आणखी एक. रसायने सुटी सुटी तपासून नळाच्या तोंडाशी त्यांचे मिश्रण कसे वागते ते कळत नाही, हे ऑस्पारलाही उशिरा उमगले. २०१२ पासून जोखमीवर आधारित पद्धत आली, तीत सोडल्या जाणाऱ्या संपूर्ण पाण्याचाच विषारीपणा तपासण्याला जागा आहे. तुमच्या प्रबंधाला प्रयोगाची जोड द्यायची असेल तर हा भाग अधिक फलदायी ठरेल, कारण त्यासाठी पुरवठादाराचे गुपित फोडावे लागत नाही.

---

परिशिष्ट

मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांनी अटींच्या पालनाचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. मंजुरीची पत्रे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर मिळतात, ती आधी वाचा, आणि ज्या अटीत रसायनांचा उल्लेख आहे तिचा क्रमांक टिपून ठेवा. मग माहिती अधिकाराखाली अर्ज करताना "रसायनांविषयी सर्व माहिती द्यावी" असे लिहू नका. असल्या अर्जाला "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असे उत्तर येते आणि तीस दिवस फुकट जातात. अट क्रमांक अमुक, सहामाही अमुक, असे लिहून चार रकाने मागा : उत्पादनाचे नाव, वापरलेले वजन, समुद्रात सोडलेले वजन, आणि विषारीपणाच्या चाचणीचा निकाल.

---

चिखलवाला

पाचवा रकाना मी सुचवतो : चाचणी कोणत्या जिवावर केली त्याचे नाव. नुसते "कोळंबी" किंवा "मासा" असे उत्तर आले तर कोणती कोळंबी, केवढ्या वयाची, आणि कोणत्या पाण्यातून आणलेली, हे पुन्हा विचारा. आणि बाबांना सांगा, काट्याबद्दल राग मुळीच मानलेला नाही. आमच्या काळात एकाच चुऱ्याचे दोन रिटॉर्ट लावून दोन वेगळ्या माणसांनी वाचायचे, अशी पद्धत मी माझ्या पाळीला लावली होती. पुढच्या पाळीने ती मोडली.